सहाशे हाइडांचे गिर्वे: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात ‘ट्रायबल हाइडेज’ या जुन्या इंग्लिश यादीवर अर्ध्या पानाचे टिपण दिले होते. यादी साधी आहे. तीसहून अधिक जमातींची आणि राज्यांची नावे, आणि प्रत्येकापुढे हाइड या मापात एक आकडा. तिची सर्वांत जुनी प्रत ११व्या शतकातली असून ब्रिटिश लायब्ररीत आहे. मजकूर मात्र त्याहून बराच जुना, ७व्या ते ८व्या शतकातला. त्यात दोन ओळी अशा: ‘दक्षिण गिर्वे ६००’, ‘उत्तर गिर्वे ६००’. या दोन ओळींवर मराठवाड्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे.

गिर्वे हे नाव नेमके कसे म्हणायचे? आणि हे लोक होते तरी कोण? वर्गात दोन ओळींत सांगता येईल असे लिहा. (एक शिक्षिका, परभणी)

पूर्व इंग्लंडमध्ये वॉश नावाच्या उथळ उपसागराच्या दक्षिणेला फेन म्हणून ओळखला जाणारा सखल, पाणथळ टापू आहे. ७व्या शतकात त्याच्या काठावर आणि त्यातल्या बेटांवर राहणारी छोटी अँग्लो-सॅक्सन जमात म्हणजे गिर्वे. झाल्या दोन ओळी.

नावातला पहिला स्वर आपल्याकडे नाही. ‘इ’ म्हणायला जीभ लावायची आणि ओठ मात्र ‘उ’सारखे गोल ठेवायचे, की तो निघतो. लिहिताना ‘गिर्वे’ पुरे. लॅटिन ग्रंथांत ‘गिर्वी’ असे रूप येते. नावाचा अर्थही भूगोलातूनच आला आहे. जुन्या इंग्लिशमध्ये ‘गिर’ म्हणजे खोल चिखल, दलदल. १२व्या शतकात फेनकाठच्या पीटरबरो गावच्या मठातल्या एका भिक्षूने हीच फोड लिहून ठेवली आहे. आपल्या बोलीत ‘चिखलकाठचे’ म्हटले तर फार चुकणार नाही.

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. ६०० हाइड म्हणजे किती एकर, एवढे साधे तुमच्या टिपणात नव्हते. आकडा दिला आणि माप दिले नाही, तर तो सातबारा कसला? (एक वाचक, औसा)

तक्रार रास्त आहे. पण आधी एक गैरसमज काढू. हाइड म्हणजे जनावराचे कातडे नव्हे. आजच्या इंग्रजीत दोन्ही शब्द सारखे दिसतात, पण हा शब्द कुटुंब या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ८व्या शतकातला इतिहासकार भिक्षू बीड (हे त्याचे नाव, आपला जिल्हा नव्हे) लॅटिनमध्ये लिहिताना ‘एका कुटुंबाची जमीन’ असाच शब्दप्रयोग करतो. आपल्याकडे ‘एका औताचे रान’ म्हणतात तेव्हा कोणी साखळी घेऊन मोजायला जात नाही. बैलांची एक जोडी हंगामात जेवढे उरकेल तेवढे ते रान. हाइड त्याच घरातला शब्द.

पुढे हिशेबासाठी हाइडला एकरांचा आकडा चिकटला. पूर्वेकडच्या परगण्यांत १२० एकर धरत, तर डॉर्सेट-विल्टशरकडे काही ठिकाणी ४०. १२० हा आकडा आपल्याला अनोळखी नाही. जुन्या मराठी दप्तरांत १२० बिघ्यांचा एक चावर (चाहूर) होतो. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण कारण एकच असावे. १२०ला २, ३, ४, ५, ६, ८, १० या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे भाऊबंदकीत वाटणी करताना अपूर्णांक येत नाही.

आता तुमचे गणित. १२० एकरांनी धरले तर ६०० हाइड म्हणजे ७२,००० एकर, सुमारे २९० चौरस किलोमीटर. मराठवाड्यातल्या सरासरी तालुक्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ४० एकरांनी धरले तर २४,००० एकर, म्हणजे ९७ चौरस किलोमीटर. एकाच आकड्याची दोन उत्तरे, आणि त्यांत तिपटीचा फरक.

ही दोन्ही उत्तरे सातबाऱ्यावर चढवू नका. यादीतले आकडे मोजणीतून आलेलेच नाहीत. ते बघा: ३००, ६००, ९००, १२००, मग एकदम ७०००, ३०,०००. मोजलेली जमीन अशी गोल आकड्यांत कधी येते का? हा साऱ्याचा आकार आहे. ‘तुमच्याकडून ६०० कुटुंबांइतके येणे’ असे वरून बसवलेले. जमाबंदीआधीची मक्त्याची रक्कम जशी गाव न मोजता अंदाजाने ठरत असे, तसे. फेनमध्ये तर गोष्ट आणखी वाकडी. पाण्याखालचा टापू बहुधा हाइडांत धरलाच जात नव्हता, पण उत्पन्नाचा मोठा भाग त्याच पाण्यातून यायचा. म्हणून आकडा लहान म्हणून मुलूख लहान, हा निष्कर्ष इथे सपशेल चुकतो.

यादीतले आकडे मी बेरजून पाहिले. शेवटी दिलेल्या बेरजेशी जुळत नाहीत. छपाईची चूक की मुळातली? आणि ही यादी केली कोणी? (एक वाचक, अंबड)

चूक मुळातलीच. यादीचे दोन भाग आहेत. पहिला मर्सिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्यापासून सुरू होतो. त्यातल्या १९ ओळींची बेरीज ६६,१०० येते आणि लेखनिकानेही तीच लिहिली आहे. इथवर हिशेब चोख. दुसऱ्या भागाच्या १५ ओळी १,७८,००० होतात. दोन्ही मिळून २,४४,१०० यायला हवेत, पण प्रतीत लिहिले आहेत २,४२,७००. फरक १,४००. रोमन आकड्यांतून किंवा शब्दांतून नकलून घेताना एखादी ओळ वाढली किंवा एखादा आकडा बदलला, म्हणजे अशी तूट पडते. लेखनिकाने पुन्हा बेरीज न करता जुनी बेरीज तशीच उतरवली, असे धरायला जागा आहे. म्हणजे आज हातात असलेला एखादा आकडा मुळातला नाही. कोणता, ते बेरजेवरून सांगता येत नाही. तेव्हा गिर्व्यांचे ६००सुद्धा डोळे मिटून घेऊ नयेत.

यादी कोणाची यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मर्सियाच्या राजाची. कारण सुरुवात मर्सियापासून आहे आणि बारकावा मध्य इंग्लंडचाच आहे. वुल्फहियर (६५८ ते ६७५) किंवा ऑफा (७५७ ते ७९६) यांची नावे त्यासाठी घेतात. दुसरा पक्ष विचारतो, की स्वतःच्याच नावावर ३०,००० हाइडांचा आकार कोण चढवेल? यादीत उत्तरेकडच्या नॉर्थम्ब्रियाची दोन्ही मूळ राज्ये नाहीत, आणि नॉर्थम्ब्रियाच्या एडविनने (६१६ ते ६३३) जिंकलेले एल्मेट हे छोटे राज्य मात्र आहे. वसुली करणारा स्वतःचे नाव लिहीत नाही, म्हणून यादी नॉर्थम्ब्रियाची. आम्हाला दुसऱ्या पक्षाचा हा प्रश्न जास्त वजनदार वाटतो, पण पहिल्या पक्षाचा बारकाव्याचा मुद्दा त्याने खोडून निघत नाही. दक्षिणेकडच्या वेसेक्स राज्यापुढचे १,००,००० मात्र दोन्ही पक्षांना खटकतात. ते दंड म्हणून वाढवलेले असावेत, नाहीतर नंतर घातलेले.

भिक्षूचे नाव बीड वाचून आमच्याकडं हशा पिकला. असो. माझा प्रश्न असा, की या दलदलीतले लोक सारा भरायचे कशात? पैसा होता का? (एक शेतकरी वाचक, बीड)

नाणी होती, पण थोडी. सारा ऐनजिनसी होता, आणि त्याचा एक नेमका दर आपल्या हाती आहे. तो गिर्व्यांचा नाही. वेसेक्सचा राजा आयनी (६८८ ते ७२६) याच्या कायद्यातला आहे. १० हाइड जमिनीमागे राजाच्या वाड्यावर पोहोचवायचे ते असे:

मधाची १० पिंपे, ३०० पाव, वेल्श बिअरची १२ आणि साध्या बिअरची ३० मापे, २ मोठ्या गायी किंवा १० खच्ची मेंढे, १० हंस, २० कोंबड्या, १० चीज, लोण्याचे एक भरलेले माप, ५ सामन मासे, चाऱ्याची २० वजने, आणि १०० ईल.

हाच दर ६०० हाइडांना लावून पाहिला, निव्वळ अंदाज यावा म्हणून, तर १८,००० पाव, १२० गायी आणि ६,००० ईल होतात. प्रत्यक्षात फेनचा सारा याच प्रमाणात असणार नाही. तिथे गहू-जव कमी आणि मासे, पक्षी, लव्हाळे, सरपणाचे पीट जास्त. सारा घेणारा मुलूख बघूनच मागतो. कोकणातून भात आणि आपल्याकडून ज्वारी, तसेच.

ईल म्हणजे काय, हे गोदाकाठच्या माणसाला सांगायला नको. आपल्या वामीसारखाच सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. जात वेगळी, पण हातातून निसटायची सवय तीच. पकडायला वेताच्या किंवा विलोच्या काड्यांची लांबट टोपली विणतात. तोंडाशी आतल्या बाजूला वळलेल्या काड्यांचा नरसाळ्यासारखा गळा ठेवायचा, आमिष घालायचे आणि संध्याकाळी प्रवाहाच्या खालच्या दिशेला तोंड करून बुडवायची. ईल रात्री फिरतो. आत शिरताना काड्या वाकतात, बाहेर पडताना टोचतात. गळा सैल विणला गेला तर सकाळी टोपलीत नुसते आमिषाचे अवशेष सापडतात.

मोजणी ‘स्टिक’ने होत असे, एका काडीला २५ ईल. १०८६च्या डूम्सडे बुक या राजाच्या जमीन-नोंदवहीत, म्हणजे गिर्व्यांचे नाव मावळल्यावर खूप नंतर, याच टापूतल्या स्टंटनी गावाकडून वर्षाला २४,००० आणि लिटलपोर्टकडून १७,००० ईल येणे लिहिले आहे. ईली या गावाचे नावच ईलवरून पडले, असे बीडने ७३१मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात म्हटले आहे.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला गिर्वे प्रदेशाचा नकाशा काढायचा आहे. इंटरनेटवरच्या प्रत्येक नकाशात सीमा वेगळी दिसते. कोणती घेऊ? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

कोणतीच नको. सीमारेषा दाखवणारा प्रत्येक नकाशा कोणाच्या तरी अंदाजाने रंगवलेला आहे. तुमचा नकाशा स्वतः काढा. अवघड नाही, पण क्रम चुकला तर सगळे वाया जाते.

१ सेंटिमीटरला २.५ किलोमीटर (१:२,५०,०००) हे प्रमाण घ्या आणि ए-३ कागद. पीटरबरो ते ईली सरळ रेषेत सुमारे ३९ किलोमीटर, म्हणजे कागदावर साडेपंधरा सेंटिमीटर. पीटरबरो ते स्पाल्डिंग १० सेंटिमीटर. पीटरबरो डावीकडे मध्यावर ठेवले की फेनचा टापू मावतो.

आधी आजचा नकाशा ट्रेसिंग पेपरखाली घ्या आणि काय गिरवायचे नाही ते ठरवा. फेनमधली जवळजवळ प्रत्येक सरळ जलरेषा नंतरची आहे. ओल्ड बेडफर्ड नदी १६३७ची आणि न्यू बेडफर्ड १६५१ची. दोन्ही कालवेच, डच अभियंता व्हरमाइडनने काढलेले, इअरिथ ते डेनव्हर या गावांमध्ये सुमारे ३४ किलोमीटर पट्टीने ओढल्यासारखे. ते घेतले की नकाशा १७व्या शतकाचा झाला. (कार डाइक ही लांब चारी मात्र रोमन काळातली, ती ठेवा.) दुसरी चूक ग्रेट ऊझ नदीची. आज ती किंग्ज लिनपाशी समुद्राला मिळते. गिर्व्यांच्या काळी ती विझबीचकडे जाई. लिनकडे ती १३व्या शतकात वळली. नकाशांत ही चूक इतकी नेहमीची आहे, की परीक्षकाच्याही लक्षात येईलच असे नाही. वॉशचा किनाराही आजच्यापेक्षा बराच आत होता. विझबीच आणि स्पाल्डिंग समुद्राच्या जवळ दाखवा.

मग उंची. इथेच बहुतेक नकाशे फसतात. आजची समोच्च रेषा घेऊन ‘५ मीटरच्या खाली पाणी’ असे रंगवले तर बेटे नको तेवढी मोठी दिसतात आणि खड्डे नको तेवढे खोल. कारण जमीनच खचली आहे. दक्षिण फेन हा पीटचा, म्हणजे पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. पाणी काढले की तो आकसतो आणि हवा लागून अक्षरशः जळत जातो. आपली काळी माती उन्हाळ्यात वीतभर भेगाळते, पण पहिल्या दोन पावसांत फुगून पुन्हा मिटते. पीट मिटत नाही. पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेन इथे १८५१मध्ये एक लोखंडी खांब जमिनीत पुरला आणि त्याचा माथा जमिनीच्या पातळीला ठेवला. आज तो जवळजवळ चार मीटर वर आला आहे. खांब जागचा हलला नाही. जमीन खाली गेली. तिथली जमीन आता समुद्रसपाटीपेक्षा २.७५ मीटर खाली, ग्रेट ब्रिटनमधली सर्वांत सखल. तेव्हा उंचीऐवजी मातीचा भूगर्भ नकाशा वापरा: पीट तपकिरी, उत्तरेकडची गाळाची माती पिवळी, चिकणमाती-खडकाची बेटे आणि काठ हिरवा. होमजवळच व्हिटल्सी मिअर हे मोठे सरोवर होते, तेही १८५१च्या सुमारास आटवले. ते निळ्याने परत भरा.

बेटे ओळखायला गावांची नावे मदतीला येतात. शेवटी ‘ई’ किंवा ‘सी’ ऐकू येते ते बहुतेक वेळा बेट: थॉर्नी (काट्यांचे बेट), रॅमसी, व्हिटल्सी, स्टंटनी. ईली मात्र या ओळीत बसवू नका, त्याची व्युत्पत्ती वेगळी.

आता गिर्वे कुठे लिहायचे? भक्कम खुंट्या तीनच आहेत, तिन्ही बीडच्या ग्रंथातल्या. पीटरबरोचे जुने नाव मेडेसहॅमस्टेड. ते ‘गिर्व्यांच्या प्रदेशात’ असून तिथला मठ सेक्सवुल्फने स्थापला, असे तो सांगतो. पूर्व अँग्लियाचा बिशप थॉमस हा गिर्वे प्रांतातला. आणि टोंडबर्ट हा दक्षिण गिर्व्यांचा प्रमुख. यांतली जागेची खुंटी एकटी पहिलीच. ती ठोका.

मग शेजारी बसवा, कारण ते आले की उरलेली जागा आपोआप आखडते. स्पाल्डा ६००, नाव स्पाल्डिंगमध्ये उरले. विडेरिग्गा ६००, पीटरबरोच्या पश्चिमेचे विटरिंग. स्वेओर्डोरा ३००, व्हिटल्सी मिअरच्या काठच्या स्वोर्ड पॉइंटशी जोडतात. गिफ्ला ३००, आयव्हल नदी. हिक्का ३००, हिचिन (ते दक्षिणेला कागदाबाहेर राहते). विटरिंग इतके जवळ असल्याने गिर्वे पश्चिमेला फार लांब जाऊ शकत नाहीत. उत्तरेला स्पाल्डा अडवतात. राहतो तो पूर्व आणि दक्षिण फेन.

उत्तर आणि दक्षिण गिर्व्यांमध्ये रेषा ओढू नका. तिरप्या रेघांची छटा द्या आणि मध्ये ती विरळ करा. कोपऱ्यात ६.८ सेंटिमीटर बाजूचा चौकोन काढून खाली लिहा: ‘६०० हाइड, १२० एकरांनी’. तो चौकोन नकाशावर उचलून ठेवायचा मोह मात्र आवरा. कारण वर औशाच्या पत्राला दिलेच आहे.

ईलीबद्दल बीडनेही ६०० कुटुंबे असा आकडा दिला आहे. मग ईली म्हणजेच दक्षिण गिर्वे, हे सिद्ध नाही का होत? (एक वाचक, सेलू)

नाही. तोच बीड त्याच ठिकाणी ईलीला पूर्व अँग्लियाच्या प्रांतात टाकतो. ६०० हा आकडा यादीत जवळजवळ डझनभर ओळींपुढे आहे. दोन गावांचा महसूल सारखा निघाला म्हणून ती एकच गाव होत नाहीत. ईली बेट गिर्वे प्रमुखाकडून आले असे सांगणारी परंपरा आहे, पण ती १२व्या शतकातल्या मठाच्या ग्रंथात येते, आणि मठाला आपला मालकी हक्क जुना दाखवायचाच होता. जुळते एवढेच म्हणा.

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत अँग्लो-सॅक्सनांची सात राज्ये दिलेली असतात. गिर्वे त्यांत कुठे? (एक परीक्षार्थी, नांदेड)

कुठेच नाहीत. सातांची मांडणी १२व्या शतकातल्या इतिहासकार हेन्री ऑफ हंटिंग्डनमुळे रुळली. ७व्या शतकात छोट्यामोठ्या कितीतरी सत्ता होत्या. गिर्वे बहुधा ‘मध्य अँगल’ या समूहात मोडत. त्यांच्यावर मर्सियाच्या पेंडाने ६५३च्या सुमारास आपला मुलगा पेडा याला नेमले. परीक्षेत सातच लिहा.

अश्मक जनपदाशी गिर्व्यांची तुलना करता येईल का? (एक वाचक, पैठण)

एका बाबतीत चांगली करता येते. अश्मकही आपल्याला आधी एका यादीतून भेटतो. अंगुत्तर निकायातल्या सोळा महाजनपदांत त्याचे नाव आहे. सुत्तनिपातात गोदावरीकाठी अश्मकाच्या मुलखात, मूलकाजवळ राहणारा बावरी येतो, आणि मूलकाचे ठाणे म्हणजे तुमचे प्रतिष्ठान. दोन्हीकडे यादी नाव देते, सीमा देत नाही, आणि पुढचे लोक नदीच्या आधाराने जागा ठरवतात. याच्यापुढे तुलना ताणू नये. अश्मकापुढे कोणी आकडा लिहिला नाही, आणि गिर्व्यांपुढे आकड्याशिवाय फारसे काही नाही. शिवाय काळात हजार वर्षांच्या आसपास अंतर आहे.

बीड ज्या जॅरोच्या मठात राहिला, त्या नावाचा अर्थही ‘गिर्व्यांत’ असाच वाचला. मग बीड गिर्वे होता? (एक वाचक, हिंगोली)

नाही. जॅरो टाइन नदीवर, फेनपासून अडीचशे किलोमीटरहून जास्त उत्तरेला. दोन्हीकडे चिखल होता म्हणून नाव सारखे पडले. मराठवाड्यात पिंपळगावे किती आहेत, मोजून बघा.

अशा दलदलीत माणसे राहायची कशी? हिवतापाने मरत नसत? आणि तिथे आधीचे ब्रिटन लोक उरले होते का? (एक आरोग्यसेविका, वसमत)

हिवताप फेनला शतकानुशतके चिकटून होता. माणसे काठावर आणि बेटांवर राहत, दलदलीत नव्हे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कुरणांवर गुरे सोडत, हिवाळ्यात पाणी चढले की होडी.

तिथल्या राहणीचे सर्वांत जवळचे वर्णन संन्यासी गुथलॅकच्या चरित्रात मिळते. ते फेलिक्स नावाच्या भिक्षूने ८व्या शतकात लिहिले. मर्सियाच्या राजघराण्यातला हा तरुण ६९९च्या सुमारास टॅटविन नावाच्या स्थानिक वाटाड्याबरोबर होडीने क्रोलंड बेटावर गेला आणि ७१४मध्ये तिथेच वारला. त्याने झोपडी बांधली ती चोरांनी उकरलेल्या एका जुन्या थडग्याच्या टेकाडात. कपडे कातड्याचे. जेवण सूर्यास्तानंतर एकदाच: जवाच्या भाकरीचा तुकडा आणि पेलाभर गढूळ पाणी. हे गढूळ पाणी फेलिक्स तपश्चर्या म्हणून सांगतो, पण फेनमध्ये दुसरे पाणी होतेच कुठे?

ब्रिटनांबद्दल: त्याच चरित्रात एका रात्री गुथलॅकला ब्रिटन भाषा बोलणारी भुते ऐकू येतात. त्यांचे बोलणे त्याला कळते, कारण तो पूर्वी त्या लोकांत राहिलेला. यावरून फेनमध्ये ब्रिटन वस्ती टिकून होती असे काही अभ्यासक म्हणतात. पण फेलिक्स तिथेच सांगतो, की त्या काळी ब्रिटन मर्सियाशी लढत होते. शत्रूच्या भाषेत भूत बोलणे ही कथेची गरज असू शकते. आम्ही यावर वस्ती उभी करणार नाही.

गिर्व्यांच्या राणीला ईलीत संत मानतात हे खरे का? तिची माहिती द्यावी. (एक गृहिणी, तुळजापूर)

राणी गिर्व्यांची नव्हे, प्रमुखाची पत्नी. एथेल्थ्रिथ ही पूर्व अँग्लियाचा राजा अन्ना याची मुलगी. पहिले लग्न दक्षिण गिर्व्यांच्या टोंडबर्टशी. तो लवकरच वारला. दुसरे नॉर्थम्ब्रियाच्या एक्गफ्रिथशी, बारा वर्षे. दोन्ही संसारांत तिने ब्रह्मचर्य मोडले नाही असे बीड सांगतो. मग ती मठात गेली, आणि ६७३मध्ये ईलीला स्वतःचा मठ काढला. ६७९मध्ये मानेवरच्या गाठीने ती गेली. वैद्य किनेफ्रिथने गाठ कापून पाणी काढले होते, दोन दिवस आराम पडला, तिसऱ्या दिवशी दुखणे उलटले. तरुणपणी मानेवर हारांचा भार मिरवला, त्याचे हे प्रायश्चित्त, असे ती स्वतः म्हणे.

सोळा वर्षांनी तिच्या बहिणीने, सेक्सबुर्हने, अस्थी चर्चमध्ये हलवायचे ठरवले. ईलीत मोठा दगड मिळत नाही, सगळीकडे पाणी आणि चिखल. म्हणून काही भिक्षू होडीने दगड शोधायला निघाले आणि ग्रांटाकेस्टर या ओसाड रोमन शहराच्या तटाशी त्यांना पांढऱ्या संगमरवराची शवपेटी झाकणासकट सापडली. आज ते ठिकाण केंब्रिजमध्ये येते. कबर उघडली तेव्हा देह जसाच्या तसा होता आणि मानेवरची जखम भरून आली होती, अशी श्रद्धा.

पुढे लोकांच्या तोंडी एथेल्थ्रिथचे ‘ऑड्री’ झाले. ऑक्टोबरात ईलीला तिची जत्रा भरे, आणि तिथे रेशमी गळपट्ट्या ‘सेंट ऑड्रीज लेस’ म्हणून विकल्या जात. माळेगावच्या जत्रेत बांगड्या-रिबिनींच्या पालांवर असते तशीच गर्दी म्हणायची. माल पुढे हलका होत गेला, आणि त्या नावातला ‘सेंट’चा शेवटचा ‘ट’ ‘ऑड्री’ला जोडून इंग्रजीत ‘टॉड्री’ हा शब्द तयार झाला. अर्थ: भडक आणि स्वस्तातला.